रजिस्टरातली जात फळ्यावर येऊ द्या

जून उजाडला की शाळेत पहिलीचे प्रवेश सुरू होतात. मुख्याध्यापकांच्या टेबलावर दाखल-खारीज रजिस्टर उघडं असतं. मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख असे रकाने भरत पेन जातीच्या रकान्यापाशी येतं. "जात?" समोरचा बाप कधी चटकन सांगतो, कधी आवाज खाली घेऊन सांगतो. शेजारी उभं असलेलं ६ वर्षांचं पोर ऐकत असतं. बापाचा आवाज का बदलला हे त्याला कळत नाही; बदलला एवढं मात्र कळतं.

मी ३१ वर्षं शाळेत काढली, त्यातली शेवटची ९ मुख्याध्यापक म्हणून. तो रकाना मी शेकडो वेळा भरला. मूल शाळा सोडून जाताना तोच रकाना दाखल्यावर उतरवून दिला. पण मधल्या वर्षांत जात म्हणजे काय, ती आली कुठून, तिनं कोणाच्या वाट्याला काय आणलं आणि ती मोडायला कोण कोण झिजलं, हे मुलांना समोर बसवून मी कधी बोललो नाही. इतिहासाच्या पुस्तकातला धडा व्हायचा, १४ एप्रिलला आंबेडकरांच्या फोटोला हार व्हायचा, दोन भाषणं व्हायची. तेवढ्यावर भागवलं. ती चूक माझ्या हातून झाली, आणि ती तुमच्या गावच्या शाळेत पुन्हा होऊ नये म्हणून हे आवाहन लिहितो आहे.

माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. येत्या शैक्षणिक वर्षापासून जातिभेद आणि वर्णद्वेष हा विषय प्रत्येक शाळेनं वर्गात उघडपणे घ्यावा. आणि जे मुख्याध्यापक तो घेतील, त्यांच्या पाठीशी पालकांनी लेखी उभं राहावं. दुसरी मागणी पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. का, ते पुढं सांगतो.

घाई आहे. २०२३ च्या सप्टेंबरपासून आरक्षणाच्या प्रश्नावरून गावागावांत जी तेढ वाढली, ती शाळेच्या फाटकाबाहेर थांबलेली नाही. मराठवाड्यातले शिक्षक मित्र सांगतात, की वर्षानुवर्षं एका बाकावर बसणारी मुलं आता आडनावं बघून बाक बदलतात. मुलांच्या हातातल्या मोबाइलवर जातीचा अभिमान मिरवणाऱ्या रील्स दिवसभर फिरतात. २०२५ मध्ये बीडच्या पोलिस दलानं टेबलांवरच्या पाट्यांवरून आडनावं उतरवली आणि एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारायचं ठरवलं. पोलिसांना हे करावंसं वाटलं, यावरून पाणी कुठवर चढलं आहे ते समजावं. मात्र शाळेला एवढ्यावर भागवता येणार नाही. आडनाव झाकलं तरी मूल दुसऱ्या दिवशी ते शोधून काढतं. आडनावावरून माणूस का मोजला जातो, हे त्याला समजावून सांगणं पोलिसांचं काम नाही, शाळेचं आहे.

मग शाळा बोलत का नाही? आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदांमध्ये हा विषय मी चहाच्या वेळी अनेकदा काढला आहे. मुख्याध्यापकांची उत्तरं मला पाठ आहेत. कोणी म्हणतं, मुलं निरागस असतात, नसलेलं खूळ त्यांच्या डोक्यात कशाला घालायचं. कोणी म्हणतं, अभ्यासक्रमात आहे तेवढं होतंच की. कोणी सरळ मनातलं बोलतं: उद्या पालक फाटकावर आले, संस्थाचालकांनी बोलावलं, तर माझ्या बाजूनं कोण आहे? या तिसऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो, कारण तो खरं बोलतो.

पण एक उत्तर मी विसरू शकलेलो नाही. शेजारच्या केंद्रातल्या एक मुख्याध्यापिका होत्या, बौद्ध समाजातल्या. सगळे बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही बोललात तर लोक म्हणतील, सर मोठ्या मनाचे आहेत. मी बोलले तर म्हणतील, बाई आपल्या समाजाचं लावून धरतात. म्हणून मी गणित शिकवते." खोलीत कोणी काही बोललं नाही. जिला या विषयातलं सगळ्यांत जास्त ठाऊक होतं, तिलाच गप्प बसावं लागत होतं, आणि ज्यांना बोलता आलं असतं ते आम्ही 'मुलं निरागस असतात' म्हणत चहा पीत होतो. म्हणून सवर्ण समाजातून आलेल्या मुख्याध्यापकांना माझं पहिलं सांगणं आहे. हा विषय आधी तुम्ही उघडा. त्या बाईंवर ती पाळी आणू नका.

निरागसपणाचं म्हणाल, तर माझ्याच शाळेतलं सांगतो. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे होते, मुदत संपत आली होती. मी सातवीच्या वर्गात गेलो आणि जातीचे गट वाचून त्या त्या मुलांना उभं राहायला सांगितलं. मागच्या बाकावरची एक हुशार मुलगी उभी राहिली नाही. मी तिचं नाव घेतलं, तरी ती मान खाली घालून बसून राहिली. त्या वर्षी तिचा अर्ज भरलाच गेला नाही. पैसे तिच्या घरच्यांना हवे होते. पण चाळीस डोळे वळून बघतील आणि मधल्या सुट्टीत काय म्हणतील, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. मुलांना जात कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी त्या मुलीची खाली घातलेली मान आठवावी. तिला सगळं कळत होतं. फक्त ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. ते ती सोसून शिकली होती.

आणि शहरातल्या पालकांनी हे खेड्यातलं आहे म्हणून पान उलटू नये. शहरी शाळांमध्ये जातीचं नाव कोणी घेत नाही, शिक्षण हक्क कायद्याखाली प्रवेश मिळालेल्या मुलाला 'आरटीईवाला' म्हणतात. नाव बदललं, बोट तिकडंच.

या महाराष्ट्रात हा विषय शाळेत बोलला गेला, तो आज नव्हे, १७० वर्षांपूर्वी. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीनं महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ज्यांना धर्मग्रंथ वाचायचीही मुभा नाही त्यांचा धर्म तरी कोणता, असा प्रश्न त्या शाळकरी पोरीनं विचारला. आपल्या बायकांच्या बाळंतपणाचे हाल तिनं लिहिले. विचार करा, त्या वेळी शाळा चालवणाऱ्यांना दगड-शेण झेलावं लागत होतं, तरी त्यांनी त्या मुलीला 'हा विषय सोड, कवितेवर लिही' असं सांगितलं नाही. आज आपल्यावर दगड पडत नाहीत. तो निबंध मराठीत आहे, छोटा आहे, आणि आठवीच्या मुलाला एका तासात वाचून होतो. किती शाळांच्या ग्रंथालयात तो आहे, हे पालकांनी जाऊन बघावं.

साताऱ्यातल्या एका रजिस्टराची गोष्टही अशीच न सांगितलेली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं. ते रजिस्टर शाळेनं आजही जपून ठेवलं आहे. २०१७ पासून राज्य सरकारनं तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळायला सांगितला आहे. त्या दिवशी भाषणं होतात, 'खूप शिका' असं मुलांना सांगितलं जातं. पण नाव दाखल झाल्यावर त्या मुलाचं काय झालं, हे किती शाळा सांगतात? तो वर्गात इतरांपासून वेगळा, घरून आणलेल्या गोणपाटावर बसायचा. ते गोणपाट शाळेचा शिपाई शिवत नसे, म्हणून रोज घरी न्यावं लागे. नळाला त्याला हात लावता येत नसे. शिपायानं तोटी सोडली तरच पाणी, शिपाई नसेल तर त्या दिवशी तहान. हे बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवलं आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते अभ्यासाला लावलं जातं. साताऱ्याच्या शाळेतली गोष्ट न्यूयॉर्कला शिकवली जाते आणि सातारा जिल्ह्यातल्या मुलानं ती ऐकलेली नसते, हे मला सहन होत नाही.

अमेरिकेचं नाव निघालंच आहे, तर तिथलंही सांगायला हवं, कारण त्यांचा वर्णद्वेष आणि आपला जातिभेद यांची ओळख जुनी आहे. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकी जनतेला अर्पण केलं. पुण्यात बसून त्यांना दोन्ही दुःखांचं नातं दिसलं होतं. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी संघटना उभी केली तेव्हा तिचं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून दलित पँथर ठेवलं. आणि मार्टिन ल्यूथर किंग १९५९ मध्ये भारतात आले तेव्हाची एक हकीकत त्यांनीच पुढं १९६५ मधल्या एका प्रवचनात सांगितली आहे. त्रिवेंद्रमच्या एका शाळेत बरीच मुलं अस्पृश्य मानलेल्या समाजातली होती. तिथल्या मुख्याध्यापकांनी मुलांना पाहुण्यांची ओळख करून देताना सांगितलं, की हे अमेरिकेहून आलेले तुमच्यासारखेच एक अस्पृश्य आहेत. किंग क्षणभर दुखावले. मग आपल्या देशातल्या कोट्यवधी काळ्या माणसांची अवस्था त्यांच्या डोळ्यांपुढं आली आणि त्यांनी मनाशी कबूल केलं, की होय, मी अस्पृश्य आहे. नोबेलच्या वाटेवर असलेल्या माणसाला एका वाक्यात धडा दिला तो शाळेच्या मुख्याध्यापकानं. मुख्याध्यापकाच्या शब्दात काय बळ असतं, हे आपण मुख्याध्यापकच विसरतो.

त्याच अमेरिकेतली अलीकडची दुसरी गोष्ट मात्र पालकांनी ऐकायला हवी. टेक्सास राज्यातल्या कॉलीव्हिल हेरिटेज हायस्कूलला जेम्स व्हिटफील्ड हे पहिले कृष्णवर्णीय मुख्याध्यापक लाभले. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला, तेव्हा व्हिटफील्ड यांनी शाळेच्या परिवाराला पत्र लिहून वर्णद्वेषाविरुद्ध उभं राहण्याचं आवाहन केलं. वर्षभरानं, २०२१ च्या जुलैत, शाळा मंडळाच्या सभेत एका माणसानं त्यांचं नाव घेऊन आरोप केला, की हे मुलांच्या डोक्यात वंशाचे भलतेच सिद्धांत भरवतात. ऑगस्टच्या शेवटी त्यांना सक्तीच्या रजेवर पाठवलं. मुलं वर्गातून बाहेर पडून त्यांच्या बाजूनं उभी राहिली. तरी नोव्हेंबरात समझोता होऊन त्यांना शाळा सोडावी लागली. एक पत्र, सभेतला एक आवाज, आणि मुख्याध्यापक गेला. तिथल्या अनेक राज्यांनी त्याच सुमारास शाळांत वर्ण आणि वंशाबद्दल काय शिकवावं यावर बंधनं घालणारे कायदे केले. मुलांना अपराधी वाटेल, समाजात फूट पडेल, ही त्यांची कारणं. ती आपल्या चहाच्या वेळी मी ऐकलेल्या कारणांच्या जवळचीच आहेत.

फूट पडेल, या भीतीबद्दल थोडं बोलतो, कारण ती प्रामाणिक माणसांनाही वाटते. फूट आधीच पडलेली आहे. वर्गात तिच्याबद्दल बोलणं म्हणजे जखम धुणं. धुताना झोंबतं. सवर्ण घरातल्या मुलाला आपल्या आजोबांनी पाणवठ्यावर कोणाला अडवलं हे कळलं तर वाईट वाटेल. वाटू द्यावं. त्या मुलाला शिक्षकानं सांगायचं असतं, की बाळ, तू अडवलं नाहीस. पण आता तू काय करशील ते तुझ्या हातात आहे. हे सांगायला शिक्षक तिथं हवा, म्हणून तर हा विषय शाळेत हवा. रील्समध्ये असा शिक्षक नसतो. आणि ही सगळी गोष्ट निव्वळ दुःखाचीही नाही. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घ्यायला लावलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. अमळनेरच्या शाळेत मास्तरकी केलेल्या साने गुरुजींनी १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठोबाचं दार सर्वांना उघडावं म्हणून उपोषण केलं. ही माणसंही सांगितली, की सवर्ण मुलाला आपण कोणाच्या रांगेत उभं राहायचं ते समजतं.

धडा अवघड नसतो. १९७२ मध्ये दुष्काळ होता, त्याच वर्षी बाबा आढाव यांनी 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ सुरू केली. आठवी-नववीच्या मुलांना सांगा, घरी जाऊन आजी-आजोबांना विचारा: त्या वर्षी आपल्या गावात कोण कुठून पाणी भरत होतं? विहिरीवर कोणाला दोर सोडू देत होते? आज गावात स्मशानभूमी किती आहेत, आणि का? दुसऱ्या दिवशी मुलं जे घेऊन येतील ते कुठल्याही पुस्तकात नसेल. गणिताच्या बाईंनाही त्या तासाला बसवा.

वर्ण आणि वंश हा विषयही परका नाही. माझ्या शाळेत एका काळ्यासावळ्या मुलाला तीन पोरं 'हबशी' म्हणून चिडवायची. मी त्या तिघांना ऑफिसात बोलावून दम दिला. चिडवणं माझ्यासमोर थांबलं, माझ्या मागं चालू राहिलं. खरं तर मी त्यांना मलिक अंबर शिकवायला हवा होता. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला तो हबशी अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी झाला, मोगलांना त्यानं वर्षानुवर्षं दख्खनेत रोखलं, १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. खडकी हे शहर त्यानं वसवलं, पुढं तेच औरंगाबाद झालं, आणि शहराला पाणी पुरवणारी नहर त्याच्याच नावानं ओळखली जाते. ज्या शब्दानं आपण मुलाला खाली पाडतो, त्या शब्दाच्या माणसानं आपल्याला पाणी पाजलं आहे. पुण्या-मुंबईच्या शाळांत ईशान्येकडच्या मुलांना डोळ्यांच्या ठेवणीवरून नावं ठेवणाऱ्यांनाही असाच इतिहास द्यायला हवा. २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या एका तरुणाचा अशाच चिडवण्यातून पेटलेल्या मारहाणीत जीव गेला; त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीनं ईशान्येचा इतिहास शाळांत शिकवावा असं सुचवलं होतं.

आणि गप्प राहण्याची किंमत किती असते, ते महाराष्ट्रानं त्याच २०१४ च्या एप्रिलमध्ये पाहिलं. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा गावात १७ वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याला मारहाण करून संपवलं. मारहाणीची सुरुवात शाळेच्या आवारात झाली. खटल्यात साक्षीदार एकामागून एक फिरले आणि २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. त्या आवारात त्या दिवशी मुलं होती, माणसं होती. मला झोप लागत नाही ती याच विचारानं, की त्यांतल्या कोणाला कोणत्याही तासाला हा विषय शिकवला गेला होता का.

मुख्याध्यापकहो, कायदा तुमच्या बाजूनं आहे. घटनेच्या १७ व्या कलमानं अस्पृश्यता संपवली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोन्हींवर बंदी घातली, आणि जातीवरून टोचणं हा मानसिक त्रासच आहे. त्याच कायद्यानं वंचित घटकांतल्या मुलांशी भेदभाव होऊ नये ही जबाबदारी शासन आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकली. तेव्हा शिष्यवृत्तीचे अर्ज वर्गात नावं पुकारून भरून घेऊ नका. पालकांना एकेकटं बोलवा. झाडलोट आणि पोषण आहाराचं वाढप हजेरीच्या क्रमानं सर्वांना द्या. विद्यार्थी दिवसाला साताऱ्याच्या गोणपाटाची गोष्ट पूर्ण सांगा. मुक्ता साळवेचा निबंध या वर्षी वर्गात वाचून घ्या. एवढं जमलं तर पुढचं तुम्हाला मुलंच सुचवतील.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी पालकांनाही विनंती आहे. दर फेब्रुवारीत तुमची मुलं शाळेत कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकून घरी येतात. त्या संध्याकाळी त्यांना फुल्यांची अर्पणपत्रिका दाखवा आणि आपल्याकडचंही सांगा. आपल्याकडं असं काही नव्हतं, असं सांगू नका.

आणि पालकहो, आता तुमचं काम. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. म्हणजे बहुमत तुमचं आहे. जूनमध्ये शाळा उघडली, की पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापकांना भेटा आणि चार ओळींचं पत्र द्या: आमच्या मुलांना जातिभेद आणि वर्णद्वेष यांचा इतिहास वर्गात शिकवावा, अशी आमची इच्छा आहे, त्यावरून कोणी शाळेला त्रास दिला, तर आम्ही तुमच्यासोबत उभे राहू. शक्य असेल तर वेगवेगळ्या जातींच्या पाच-सहा पालकांनी मिळून सही करा. फाटकावर चिडलेली माणसं येतील तेव्हा मुख्याध्यापकांच्या खणात हे पत्र असलं पाहिजे. दोन प्रती न्या, एकीवर शाळेचा शिक्का आणि तारीख घेऊन पोच घ्या, आणि समितीच्या पहिल्या सभेत ते पत्र वाचून इतिवृत्तात नोंदवून घ्या.